रोमिंगमध्ये टॉवर फुल, पण आईच्या फोनला नेट नाही आणि माझ्या फोनवरून कॉल लागत नाही

चाफेकळी · मंगळवार, रात्री ९.४०

मी आणि आई (वय ७३) आज संध्याकाळी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनला पोचलो. त्याआधी तीन दिवस जर्मनीत फ्रायबुर्गला होतो. तिथे दोघींचे फोन व्यवस्थित चालले, कॉल, नेट, बँकेचा ओटीपी, सगळं. आज सकाळी रेल्वेने बाझेलला उतरलो आणि तिथून गाडं अडलं.

दोघींची सिम एकाच कंपनीची. रोमिंग पॅकही तोच, एकाच दिवशी घेतलेला. पॅकच्या यादीत स्वित्झर्लंड आहे, मी तीनदा वाचून पाहिलं. तरी बिघाड मात्र दोघींचे वेगवेगळे. आईच्या फोनला टॉवर फुल दाखवतो, वर ४जी असंही दिसतं, पण नेट शून्य. व्हॉट्सॲपवर काही पाठवलं की ते बारीक घड्याळ तसंच बसून राहतं. कॉलही लागत नाही. माझ्या फोनचं नेट मात्र चांगलं चालतंय, अख्खा रस्ता नकाशा बघत आले, पण कॉल करायला गेलं की दोन-तीन सेकंद नुसती शांतता आणि मग ‘कॉल समाप्त’. रिंग नाही, टोन नाही, काहीच नाही.

एवढ्यात करून पाहिलेलं सांगते. दोन्ही फोन बंद-चालू केले, फ्लाइट मोड केला, डेटा रोमिंग दोन्हीकडे चालूच आहे. सिम काढायची पिन घरी राहिली, म्हणून आईच्या कानातल्याच्या तारेने ट्रे उघडला, सिम पुसून परत बसवलं. कंपनीच्या चॅटवर तासभर बसले, तिथे एकच उत्तर, ‘आपले रोमिंग ॲक्टिव्ह आहे.’

हॉटेलच्या वायफायवर आमचं भागतंय. पण परवा मावशीचं खुब्याचं ऑपरेशन आहे. मावशीकडे बटणांचा साधा फोन, तिला व्हॉट्सॲप नाही. ती ऑपरेशनला जाण्याआधी आईशी बोलणार आहे आणि ती आईचाच नंबर लावणार, तो एकच तिला पाठ आहे. आई आज दिवसभर फोन हातात धरून बसली होती. मला हे उद्या रात्रीपर्यंत कसंही करून सुरू करायचंय. कोणाला अनुभव असेल तर कृपा करून सांगा.

---

रानवारा · मंगळवार, रात्री १०.०५

ताई, मलाही असं झालं होतं. सेटिंगमध्ये जाऊन ‘नेटवर्क सेटिंग रीसेट’ करा, फोन परत चालू होईल तेव्हा सगळं आपोआप पकडेल. नाही झालं तर दोघींची सिम एकमेकींच्या फोनमध्ये घालून बघा, म्हणजे दोष सिमचा की फोनचा ते कळेल.

---

टॉवरखालची · मंगळवार, रात्री १०.३०

चाफेकळी, रीसेट आत्ता करू नका. रानवारा यांनी मनापासून सांगितलंय आणि सिम अदलाबदलीची सूचना तर चांगलीच आहे. पण रीसेटने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात, हाताने भरलेला एपीएन (नेटसाठी फोनमध्ये भरलेलं कंपनीच्या जोडणीचं नाव) जातो, आणि काही फोनवर त्याच पानावर ई-सिम (फोनच्या आतच असलेलं, न काढता येणारं सिम) पुसण्याचाही चौकोन असतो. घाईत त्यावर टिचकी पडली तर परदेशात बसून ती ई-सिम परत मिळवणं फार जिकिरीचं होतं, कारण ओळख पटवायला ओटीपी येतो तो त्याच बंद पडलेल्या नंबरवर. असे रडकुंडीला आलेले लोक मी पाहिलेत. मी अकरा वर्षं एका मोबाइल कंपनीत रोमिंगच्या तक्रारी सोडवते. रीसेट हा अगदी शेवटचा उपाय, आणि तुमच्या वर्णनावरून तुम्हाला त्याची गरज पडेल असं वाटत नाही.

तुम्ही ‘टॉवर फुल’ म्हणालात. त्या दांड्यांवरून फक्त एवढंच कळतं की टॉवर तुमच्या फोनला किती मोठ्याने ऐकू येतोय. तो टॉवर तुम्हाला काय काय द्यायला तयार आहे, ते दांड्या सांगत नाहीत. रोमिंगमध्ये एसएमएस, नेट आणि कॉल या तिन्ही गोष्टींची परवानगी वेगळी असते आणि वाटाही वेगळ्या असतात. त्यामुळे एक चालू आणि दोन बंद असं सर्रास होतं.

बाझेलला उतरल्यावर काय झालं असेल ते सांगते. प्रत्येक टॉवर आपला आकडा सतत हवेत सांगत असतो, पहिले तीन आकडे देशाचे. जर्मनीचा २६२, स्वित्झर्लंडचा २२८, फ्रान्सचा २०८. फोनला २६२ ऐकू येईनासा झाला, २२८वाले दोन-तीन ऐकू आले, त्यातल्या एकाकडे फोनने तुमच्या सिमची ओळख दिली. त्या स्विस नेटवर्कने तुमच्या घरच्या कंपनीला विचारलं, हे सिम तुमचंच का, आणि याला काय काय द्यायचं? घरून होकार आला की तुमच्या फोनवर त्या नेटवर्कचं नाव उमटतं. चॅटवरच्या माणसाच्या पडद्यावर जे ‘ॲक्टिव्ह’ दिसतं ते इथवरचंच. तो खोटं बोलत नव्हता, त्याच्या पडद्यावर पुढचं दिसतच नाही.

एसएमएस याच विचारपुशीच्या वाटेने येतो, त्याला नेट लागत नाही. नेटचं मात्र वेगळं. तुम्ही इंटरलाकेनमध्ये उघडलेलं पान आधी एका बोगद्यातून थेट तुमच्या घरच्या कंपनीपर्यंत जातं आणि तिथून इंटरनेटवर बाहेर पडतं. हा बोगदा उघडायचा की नाही, हे त्या दोन कंपन्यांमधल्या करारावर आणि तुमच्या पॅकवर ठरतं. आणि पॅकमध्ये देश असला म्हणजे त्या देशातली सगळी नेटवर्क असतात असं नाही. पुष्कळदा एक किंवा दोनच असतात.

कॉलची गोष्ट आणखी निराळी. ४जी जाळं मुळात कॉलसाठी नाही, नेटसाठी बांधलेलं आहे. त्यावरून कॉल जायचा तर व्होल्टे, म्हणजे ४जीच्या नेटवरूनच आवाज नेण्याची सोय, लागते. व्होल्टे जमत नसेल तर फोन कॉलपुरता खाली ३जी किंवा २जीवर उतरतो आणि कॉल झाला की परत वर येतो. जर्मनीत ३जी २०२१मध्ये बंद झालं, पण २जी अजून चालू आहे, म्हणून फ्रायबुर्गला तुमचे कॉल २जीवर उतरून जात असणार. स्वित्झर्लंडमध्ये २जी काही वर्षांपूर्वीच गेलं आणि ३जी २०२५मध्ये बंद करायचं तिथल्या कंपन्यांनी जाहीर केलं होतं. म्हणजे फोन खाली उतरायला जातो आणि खाली पायरीच नसते. ती दोन-तीन सेकंदांची शांतता हीच.

आता वायफाय बंद करा. हे महत्त्वाचं, वायफाय चालू असेल तर सगळं ठीक आहे असं वाटत राहतं आणि निदान चुकतं. मग मला चार गोष्टी सांगा. दोघींच्या फोनवर स्विस नेटवर्कचं नाव एकच आहे की वेगळं? आईच्या फोनवर आज एकतरी एसएमएस आला का? दोन्ही फोनच्या सिम सेटिंगमध्ये व्होल्टे (किंवा ‘४जी कॉलिंग’) चालू आहे का? आणि आठवत असेल तर, फ्रायबुर्गला कॉल चालू असताना वरचं ४जी जाऊन तिथे दुसरं काही अक्षर दिसायचं का?

---

चाफेकळी · मंगळवार, रात्री ११.१५

टॉवरखालची ताई, एवढ्या रात्री एवढं सविस्तर लिहिलंत, खरंच आधार वाटला. आई शेजारीच बसली आहे, तिलाही वाचून दाखवलं.

वायफाय बंद करून पाहिलं. दोघींच्या फोनवर नावं वेगवेगळी आहेत! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी दिवसभर दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवून नुसत्या दांड्या मोजत होते. आईच्या फोनवर एसएमएस आलेत, ‘स्वागत आहे’वाला एक आणि बँकेचा एक. म्हणजे तुम्ही म्हणता तसं विचारपूस झालेली आहे.

फ्रायबुर्गचं मला नीट आठवतंय. दादाशी बोलत होते तेव्हा नकाशा अडकला, म्हणून मी वर बघितलं तर ४जीच्या जागी नुसतं ‘ई’ होतं. फोन ठेवल्यावर लगेच ४जी परत आलं. तेव्हा मला वाटलं होतं की तिथला सिग्नलच कमकुवत असेल.

व्होल्टे आईच्या फोनमध्ये चालू आहे, फोन गेल्या वर्षीचाच आहे. माझ्यात बंद आहे. चार-पाच वर्षांपूर्वी कॉलमध्ये आवाज तुटायचा तेव्हा कोणीतरी बंद करायला सांगितलं होतं, ते तसंच राहिलं. माझा फोनही जुनाच आहे. आता चालू करून फोन रीस्टार्ट केला, पण कॉल अजून लागत नाही.

---

टॉवरखालची · मंगळवार, रात्री ११.४०

ते ‘ई’ म्हणजेच २जी. आता चित्र स्पष्ट झालं.

आधी आईचा फोन. मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘नेटवर्क निवड’ असेल, तिथे ऑटोमॅटिक बंद करा. फोन आजूबाजूची यादी शोधायला लागेल. याला दोन-तीन मिनिटं लागतात, कधी जास्तही. चक्र नुसतं फिरत राहतं, ते बघून फोन अडकला असं समजून मागे येऊ नका. निम्मे लोक इथेच मागे येतात. यादी आली की तुमच्या फोनवर जे नाव आहे तेच आईच्या फोनवर निवडा आणि एक मिनिट थांबा. तुमचं नेट त्या नेटवर्कवर चालतंय, पॅक तोच आहे, म्हणजे आईचंही चाललं पाहिजे.

फोनने आपणहून चुकीचं नेटवर्क का धरलं असेल? बाझेल स्टेशनवर तीन देशांचे टॉवर एकमेकांवर पडतात. त्या गोंधळात ज्याने आधी होकार दिला त्याच्याकडे फोन बसला. आणि एकदा बसला की सिग्नल जाईपर्यंत तो सहसा हलत नाही. त्याला नेट मिळतंय की नाही, याच्याशी फोनला देणंघेणं नसतं. बंद-चालू केल्यावरही तो शेवटचं नेटवर्क आधी शोधतो, म्हणून तुमचा रीस्टार्ट वाया गेला.

नेटवर्क बदलूनही नेट आलं नाही तर एपीएन उघडा. नाव घरच्या कंपनीचंच असायला हवं, परदेशात ते बदलायचं नसतं. अँड्रॉइडवर त्याच पानावर खाली ‘एपीएन रोमिंग प्रोटोकॉल’ अशी एक ओळ असते. तिथे नुसतं आयपीव्ही६ (इंटरनेट-पत्त्याचा नवा प्रकार) असेल तर ते आयपीव्ही४/आयपीव्ही६, म्हणजे जुना-नवा दोन्ही, करा. घरी सगळं सुरळीत आणि बाहेर गेलं की नेट मेलं, असं होण्यामागे ही एक ओळ मी पुष्कळदा पाहिली आहे.

कॉलचं मात्र तुमच्या घरच्या कंपनीच्या हातात आहे. परदेशी नेटवर्कवरून व्होल्टे चालायला दोन्ही कंपन्यांचा त्यासाठी वेगळा करार लागतो, नेटचा करार असून भागत नाही. कंपनीला परत लिहा, पण ‘कॉल लागत नाही’ एवढंच लिहू नका. हे असं लिहा: स्वित्झर्लंडमध्ये तुमचं व्होल्टे रोमिंग कोणत्या नेटवर्कवर आहे? आमच्या पॅकमध्ये कोणती नेटवर्क धरली आहेत? आमचे दोन हँडसेट (मॉडेलची नावं द्या) व्होल्टे रोमिंगच्या यादीत आहेत का? सोबत वेळ, ठिकाण, फोनवर दिसणारं नेटवर्कचं नाव आणि दोन्ही फोनच्या पडद्याचे फोटो जोडा. आणि ही तक्रार तांत्रिक विभागाकडे पाठवा असं स्पष्ट म्हणा. नेमका प्रश्न आला की तो पुढे ढकलावाच लागतो, तिथे ‘ॲक्टिव्ह आहे’ हे उत्तर बसत नाही.

तोवर दोन्ही फोनवर वायफाय कॉलिंग, म्हणजे नेहमीच्या नंबरचे कॉल टॉवरऐवजी वायफायवरून, चालू करून ठेवा. हॉटेलात असताना मावशीच्या साध्या फोनवरून आलेला कॉलसुद्धा त्यावर येईल, तिला काही करावं लागणार नाही. पॅकमध्ये तो कॉल कसा मोजतात, तेही त्याच पत्रात विचारून घ्या, कंपनीगणिक फरक असतो.

---

उनाड · बुधवार, सकाळी ७.५०

हा धागा वाचून माझं गेल्या वर्षीचं दुखणं आठवलं, म्हणून भर घालतो.

बाझेलसारखंच बोडनसे तलावाचं. जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, तिन्ही देशांचे टॉवर पाण्यावरून पलीकडे पोचतात. मी कोन्स्टान्झला, म्हणजे जर्मनीत, बाकावर बसलो होतो आणि फोन स्विस नेटवर्कवर. माझ्या पॅकमध्ये फक्त युरोपीय संघातले देश होते. स्वित्झर्लंड संघात नाही. संघात २०१७पासून आपसात रोमिंग शुल्क नाही म्हणतात, ते संघातल्या देशांच्या सिमसाठी. स्वित्झर्लंडला तो नियम लागू नाही, आणि आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या सिमचा तर त्याच्याशी संबंधच नाही. अर्ध्या तासात पॅकबाहेरचा डेटा गेल्याचा मेसेज आला. तेव्हापासून सीमेजवळ मी नेटवर्क हाताने निवडतो.

दुसरं, प्रवासी ई-सिमबद्दल. मी डेटासाठी तशी ई-सिम घेतली आणि ओटीपीसाठी घरचं सिम चालू ठेवलं. विमानातून उतरलो तर ई-सिमला टॉवर आहे आणि नेट नाही. मी हट्टाने डेटा रोमिंग बंद ठेवलं होतं, बिल येईल या भीतीने. तिथल्या एका मुलीने दाखवलं की ही ई-सिम स्वतःच तिसऱ्याच देशातल्या कंपनीची असते, म्हणजे तीही रोमिंगच करत असते. तेव्हा ई-सिमवर डेटा रोमिंग चालू हवं आणि घरच्या सिमवर बंद. दोन्ही सिमची बटणं वेगवेगळी असतात. आणि ‘गरज पडल्यास दुसऱ्या सिमचा डेटा वापरा’ असं एक बटण असतं, ते आठवणीने बंद करा. बोगद्यात ई-सिमचा सिग्नल गेला की फोन गुपचूप घरच्या सिमवर उडी मारतो.

---

टॉवरखालची · बुधवार, सकाळी ९.१०

उनाड, तुम्ही तिन्ही गोष्टी अगदी नेमक्या सांगितल्यात. त्यात एक जोडते, चाफेकळींना उपयोगी पडेल. आयफोनवर आणि बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनवर घरच्या सिमचं वायफाय कॉलिंग दुसऱ्या सिमच्या डेटावरूनही चालतं, खरं वायफाय नसलं तरी. म्हणजे घरच्या कंपनीचा व्होल्टे करार नसलेल्या देशातही नेहमीच्या नंबरवर कॉल घेता येतो. फक्त हे निघण्यापूर्वी घरी एकदा चालू करून ठेवावं, काही कंपन्या वायफाय कॉलिंग पहिल्यांदा परदेशातून सुरू करू देत नाहीत.

---

चाफेकळी · बुधवार, रात्री ८.२०

आधी आनंदाची बातमी. आईचं नेट काल रात्रीच सुरू झालं. यादी यायला जवळजवळ चार मिनिटं लागली. तुम्ही आधीच सांगितलं नसतं तर मी नक्की मागे आले असते. माझ्यावरचं नाव निवडलं, थोडा वेळ काहीच नाही, आणि मग एकदम दिवसभराचे सगळे मेसेज धडाधड आले. एपीएनला हात लावावा लागला नाही.

कंपनीला तुमच्याच शब्दांत लिहिलं, फोटो जोडले. दुपारी उत्तर आलं, आणि या वेळी खरोखरच उत्तर होतं. पॅकमध्ये इथलं एकच नेटवर्क आहे, माझ्यावर होतं ते. व्होल्टे रोमिंगही त्याच नेटवर्कवर आहे. आईचा हँडसेट त्यांच्या यादीत आहे, माझा नाही.

आईच्या फोनवरून लगेच दादाला कॉल लावला. लागला! ४जी वर तसंच होतं, आवाज तर इतका स्वच्छ की दादाच्या मागे चाललेला पंखा ऐकू येत होता. मग दादाला आईच्या नंबरवर उलटा कॉल करायला सांगितलं, तोही आला. माझ्या फोनवर हॉटेलात वायफाय कॉलिंग चालतंय, बाहेर पडलं की कॉल नाही. ते मी आता सोडून दिलंय, मावशी आईलाच फोन करणार आहे.

दोन शंका आहेत. माझ्या फोनवरून बाहेर कॉल लागत नाही, तर अडीअडचणीला ११२ लागेल का? आणि शुक्रवारी आम्ही बाझेलवरून फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला जातोय, तिथे हाच गोंधळ परत होईल का?

---

टॉवरखालची · बुधवार, रात्री ९.००

आईचा कॉल लागला हे वाचून मला फार बरं वाटलं.

११२बद्दल विचारलंत ते फार चांगलं केलंत. हा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि तो सगळ्यात मोठा आहे. संकटातला कॉल कोणत्याही उपलब्ध नेटवर्कवरून जाऊ शकतो, त्याला पॅक लागत नाही, करार लागत नाही. पण जिथे २जी-३जी उरलेलं नाही तिथे तो कॉल ४जीवरून करता येणं हे फोनच्या अंगात असावं लागतं. जुन्या हँडसेटमध्ये घरच्या नेटवर्कवर व्होल्टे चालतं आणि परक्या नेटवर्कवर आपत्कालीन कॉल जमत नाही, असं घडू शकतं. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४मध्ये ३जी बंद झालं तेव्हा ४जीवरून आपत्कालीन कॉल न करू शकणारे हँडसेट नेटवर्कवर घ्यायचेच नाहीत असा नियम झाला, इतकी ही गोष्ट गंभीर मानली गेली. म्हणून स्वित्झर्लंडमध्ये फिरताना तुमच्या फोनवर भिस्त ठेवू नका. डोंगरावर जाताना आईचा फोन पूर्ण चार्ज करून, चालू ठेवून बरोबर न्या. तो नकाशा-फोटोत संपवू नका, नकाशा तुमच्या फोनवर बघा. स्वित्झर्लंडमध्ये ११२ चालतो, रुग्णवाहिकेचा थेट नंबर १४४ आणि हेलिकॉप्टर-मदतीचा १४१४. तिन्ही एका कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा.

फ्रान्समध्ये तुलनेने सोपं जाईल. तिथल्या ऑरेंज कंपनीने ३जी २०२८च्या अखेरपर्यंत ठेवणार असं जाहीर केलंय, त्यामुळे तुमच्या फोनला कॉलसाठी खाली उतरायला पायरी असेल. फक्त एक लक्षात ठेवा. आईच्या फोनवर आपण नेटवर्क हाताने पक्कं केलंय. गाडी सीमा ओलांडेल तेव्हा तो फोन त्याच स्विस नावाला शोधत बसेल आणि ‘सेवा नाही’ दाखवेल. बाझेल सुटलं की निवड परत ऑटोमॅटिक करा. पॅकमध्ये फ्रान्समधलं कोणतं नेटवर्क आहे ते कंपनीला आजच विचारून ठेवा, म्हणजे चुकीचं धरलं तर लगेच बदलता येईल.

---

रानवारा · बुधवार, रात्री ९.३५

टॉवरखालची ताई, रीसेटचा सल्ला मी आजवर बऱ्याच जणांना दिलाय. यापुढे आधी दोन्ही फोनवरची नावं बघायला सांगेन. चाफेकळी ताई, मावशींना लवकर बरं वाटू दे.

---

चाफेकळी · शुक्रवार, दुपारी ३.१०

स्ट्रासबुर्गहून लिहितेय.

काल सकाळी मावशीचा फोन आला. आम्ही तलावाच्या काठावर होतो. आईने दोन्ही हातांनी फोन कानाला धरला आणि सहा-सात मिनिटं बोलली, मध्ये एकदाही आवाज तुटला नाही. ऑपरेशन नीट झालं, संध्याकाळी दादाने कळवलं.

आज गाडी बाझेलहून सुटल्यावर पंधरा मिनिटांत आईच्या फोनवर ‘सेवा नाही’ आलं. आईच म्हणाली, ‘ते ऑटोमॅटिक कर ना, त्या बाईंनी सांगितलंय.’ केलं. मिनिटभरात फ्रेंच नेटवर्क आलं, कंपनीने सांगितलं होतं तेच. नेट लगेच चालू. माझ्या फोनवरूनही दादाला कॉल लागला, आणि बोलताना मी मुद्दाम वर बघितलं, ४जी जाऊन ३जी आलं होतं. फोन ठेवल्यावर परत ४जी.